विक्रोळीचे फिरंगी सुभेदार

आमच्या विक्रोळीचा इतिहास कुणाला विचारला की गोष्ट गोदरेजपासून सुरू होते आणि कन्नमवार नगरात संपते. त्याआधी काय होतं? खाडी होती, तिवरं होती, शेतं होती, असं सांगून लोक मोकळे होतात. पण या जमिनीचा मालक ज्याच्या काळात बदलला, त्या माणसाचं चित्र काढलेलं आहे. आणि त्या चित्राची गोष्ट मला त्या माणसापेक्षा जास्त आवडते.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहानं पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाशी तह केला. वर हुमायून टपलेला होता, म्हणून सुलतानानं वसई आणि तिच्याखालचा मुलूख देऊन टाकला. त्यात आमची साष्टी गेली, म्हणजे ठाणं, कुर्ला, विक्रोळी सगळंच. (गोव्याकडच्या मंडळींनो, ही तुमची साष्टी नव्हे, मुंबईची!) नुनो परत जाताना १५३९ मध्ये जहाजावरच वारला.

यानंतर आठ वर्षांनी, १५४७ मध्ये, गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यानं ठरवलं की आपल्याआधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं काढून वाड्यात लावायची. म्हटलं तर हे सगळे राजाचे नोकर. राजा लिस्बनला, आणि हे साधारण तीन-तीन वर्षांच्या मुदतीवर इकडे आलेले, आपल्या भाषेत सुभेदार. पण हौस राजाची!

कास्त्रो होताच तसा नाटकी. १५४६ मध्ये दीवचा वेढा उठवल्यावर पडलेला किल्ला बांधायला त्याच्याकडे पैसे नव्हते. त्यानं गोव्याच्या नगरसभेकडे वीस हजार पर्दाव कर्ज मागितलं. तारण म्हणून वेढ्यात मेलेल्या मुलाच्या, फर्नांदोच्या, अस्थी द्यायच्या होत्या, पण प्रेत अजून तेवढं झिजलं नव्हतं. मग स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. आपल्याकडे मिशीला पीळ देतात, यानं दाढी गहाण ठेवली.

तर चित्रं. आधीचे बहुतेक गव्हर्नर मेलेले, नाहीतर मायदेशी गेलेले. समोर बसवणार कुणाला? कास्त्रोनं गास्पार कुरैया याला गाठलं. हा १५१२ पासून हिंदुस्थानात होता, आल्बुकर्कच्या हाताखाली लेखनिक होता, आणि या लोकांना त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्याला चित्रकलाही येत होती. त्यानं एक इथलाच चित्रकार शोधला आणि त्याला चेहरे तोंडी सांगितले. नाक कसं, दाढी कुठवर, डोळे कसे. त्यावरून त्या माणसानं लाकडी फळ्यांवर असे चेहरे उतरवले की पाहणारे लगेच ओळखत. हे कुरैयानंच आपल्या बखरीत लिहून ठेवलंय. चित्रकाराच्या अंगच्या गुणाचं त्यानं कौतुक केलं, नाव मात्र लिहिलं नाही.

मी या वाक्यापाशी नेहमी अडखळतो. बखर लिहिणारा, बारीकसारीक नोंदणारा माणूस. त्याला नाव माहीत नव्हतं असं कसं म्हणावं?

पुढे नवीन गव्हर्नर आला की नवीन चित्र, अशी रीतच पडली. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. त्यानंही वाड्यातल्या या चित्रांचं वर्णन केलंय. आमची साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली आणि १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा गोव्यात सांदोमिलचा काउंट व्हाइसरॉय होता. म्हणजे विक्रोळी मिळवणारा आणि गमावणारा, दोघेही त्याच रांगेतले.

दमट हवेत फळ्या खराब व्हायच्या, मग त्यांवर पुन्हा रंग चढायचा. काही चित्रं १९५० च्या दशकात लिस्बनला नेली आणि क्ष-किरणांखाली धरली. तेव्हा दिसणाऱ्या चेहऱ्याखाली जुन्या रंगांचे थर निघाले. आल्बुकर्कचं चित्र आता तिथल्याच संग्रहालयात आहे. बाकीची बरीचशी जुन्या गोव्यात, पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहेत.

तिथे गेलात तर बासिलिकाची गर्दी आटोपून समोर रस्ता ओलांडा. वरच्या मजल्यावर हे साहेब लोक ओळीनं उभे आहेत, काळ्या कपड्यांत, चिलखतांत, प्रत्येकाची बिरुदं आणि नाव नीट रंगवलेलं. मी गेलो तेव्हा एका बाईंनी आपल्या मुलाला सांगितलं, "हे सगळे राजे होते." मुलानं विचारलं, "मग हे काढले कुणी?" बाई पुढच्या चित्राकडे वळल्या.