सातत्य दुरुस्ती

सातत्य दुरुस्ती ही संख्याशास्त्रातील एक पद्धत आहे. असंतत संभाव्यता वितरणाऐवजी संतत वितरण वापरल्याने येणारी त्रुटी कमी करण्यासाठी ती योजतात. असंतत चल ०, १, २ अशा सुट्या किमती घेतो, तर संतत चल दोन किमतींमधील कोणतीही किंमत घेऊ शकतो. त्यामुळे असंतत वितरणातील 'क' ही किंमत संतत वितरणात क − ०.५ ते क + ०.५ या अंतरालाने दर्शवली जाते.

स्वरूप

द्विपद वितरणात चाचण्यांची संख्या 'न' आणि यशाची संभाव्यता 'प' असल्यास मध्य नप आणि प्रमाण विचलन √[नप(१ − प)] असते. हेच मध्य व प्रमाण विचलन असलेले प्रसामान्य वितरण त्याऐवजी वापरता येते. 'क किंवा त्याहून कमी' यासाठी क + ०.५ पर्यंतचे, तर 'क किंवा त्याहून अधिक' यासाठी क − ०.५ पासूनचे क्षेत्रफळ घेतात.

उदाहरण

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा परिसरासारख्या धानपट्ट्यात बियाण्याची उगवणक्षमता महत्त्वाची असते. प्रमाणित धान बियाण्यासाठी ती किमान ८० टक्के असावी लागते. नेमकी ८० टक्के क्षमता असलेल्या बियाण्यातील १०० दाणे तपासल्यास मध्य ८० आणि प्रमाण विचलन ४ येते. त्यांपैकी ७५ किंवा त्याहून कमी दाणे उगवण्याची अचूक संभाव्यता ०.१३१४ आहे. दुरुस्तीविना प्रसामान्य वितरणाने ती ०.१०५६ येते, तर ७५.५ ही मर्यादा घेतल्यास ०.१३०३ येते. दुरुस्ती न केल्यास असा निकाल असतो त्याहून विरळ भासतो आणि निकषात बसणाऱ्या बियाण्यावर विनाकारण संशय येऊ शकतो.

इतिहास

अब्राहम द म्वाव्र यांनी १७३३ मध्ये द्विपद वितरणासाठी असे आसन्नीकरण मांडले. पुढे लाप्लास यांनी ते व्यापक केले. फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये २ × २ सारणीच्या काय-वर्ग कसोटीसाठी दुरुस्ती सुचवली. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३८ मध्ये प्वासाँ वितरणाच्या नमुन्यांतील काय-वर्गाच्या वितरणावर लेख प्रसिद्ध केला.

मर्यादा

नप आणि न(१ − प) या दोन्ही किमती किमान ५ असाव्यात, असा स्थूल नियम आहे. काही ग्रंथकार १० ही मर्यादा मानतात. 'न' मोठा आणि 'प' अत्यल्प असल्यास प्वासाँ वितरण अधिक योग्य ठरते. संगणकामुळे अचूक संभाव्यता काढणे आता सुलभ झाले असले, तरी ही पद्धत अभ्यासक्रमांत शिकवली जाते.