बेडी तुटल्यावर

नाशिकच्या ‘शरणपूर’ ह्या नावाचा अर्थ आम्हां नाशिककरांच्या सहसा ध्यानात येत नाही. शरणपूर रोडवरून आपण नित्य जातो-येतो. पण तेथे शरण कोण आले होते, असा प्रश्न किती जणांना पडतो? दंडकारण्याची कथा सांगणाऱ्या ह्या गावाची आणखी एक वनवासकथा आहे. तिची पात्रे अयोध्येहून आलेली नाहीत. ती आली पूर्व आफ्रिकेतून, गुलामांच्या गलबतांतून.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झांझिबार ही गुलामांची मोठी पेठ होती. न्यासा सरोवराच्या परिसरातून माणसे पकडून, मानेत लाकडी जोखड अडकवून ती किनाऱ्यावर आणीत आणि अरबी गलबतांत कोंबून मस्कत व इराणी आखाताकडे पाठवीत. ह्या व्यापारात आपले हात अगदी कोरडे होते असे मानण्याचे कारण नाही. झांझिबारच्या जकातीचा मक्ता दीर्घ काळ कच्छी पेढीकडे होता, आणि तेथील अनेक हिंदी व्यापारी स्वतः गुलाम बाळगीत. १८६० च्या सुमारास रिग्बी ह्या ब्रिटिश वकिलाने सक्तीने त्यांचे गुलाम सोडविले. घरचीही स्थिती निराळी नव्हती. पेशवाईतील वाड्यांतून कुणबिणी विकत घेतल्या जात, हे आपल्याच दप्तरांत नमूद आहे. इंग्रज पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द केली ती कंपनी सरकारचा मुलूख वगळून. आणि त्या कायद्यान्वये दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नव्हे. हिंदुस्थानात १८४३ चा पाचवा कायदा झाला. त्याने एवढेच ठरविले की गुलामावरील मालकी कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही. दार उघडले, पण बाहेर पडलेल्याने जावे कोठे, ह्याविषयी कायदा मौन होता.

आरमारी जहाजांनी समुद्रात पकडलेल्या गलबतांतील मुलांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्यांतील कित्येक मुले मुंबई बंदरात उतरविली गेली. परत कोठे पाठवायची? गाव जळलेले, आईबाप मेलेले किंवा विकले गेलेले, आणि मुलाला आपल्या गावाची वाटही ठाऊक नाही. तेव्हा काही मुले घरोघर वाटली गेली, काही मिशनांच्या स्वाधीन झाली. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनी नाशिकजवळ १८५० नंतरच्या दशकात शरणपूरची वसाहत वसविली होती. तेथेच ह्या मुलांसाठी आफ्रिकन आश्रम निघाला. तेथे लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम आणि शेती शिकवीत.

पुढे ही मुले ‘नाशिकची मुले’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. त्यांची नावे वाचताना मला नेहमी थबकायला होते. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, एडवर्ड गार्डनर, जेकब वेनराइट! ह्यांतील प्राइस आणि आयझेनबर्ग ही तर मिशनऱ्यांचीच आडनावे. मॅथ्यू वेलिंग्टन ह्याचे मूळचे नाव चेंगविंबे होते. बेडी काढणाऱ्याने बेडीबरोबर नावही काढून घेतले. त्यात दुष्टावा नव्हता, माया होती; पण ज्याला मुक्त केले त्याला विचारावे, ही कल्पना त्या मायेला शिवली नव्हती.

डॉ. लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईस आले, तेव्हा आफ्रिकेतील शेवटच्या प्रवासासाठी त्यांनी ह्या आश्रमातून नऊ तरुण निवडले. पुढे १८७२ साली आणखी सहा जण त्यांना जाऊन मिळाले. जेकब, वेलिंग्टन, कॅरस फॅरर हे त्यांतले. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा त्या माणसांनी जो निर्णय घेतला तो कोणा साहेबाच्या हुकमाने घेतलेला नव्हता. हृदय झाडाखाली पुरले, देह मिठाने आणि उन्हाने वाळविला, सालीत व कापडात गुंडाळला आणि हजारांहून अधिक मैल खांद्यावरून किनाऱ्यास आणला. सुसी आणि चुमा हे पुढारी होते. अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली ती नाशिकात लिहायला शिकलेल्या जेकबने. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन ह्यांचे दफन झाले, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत हा जेकबही होता. बाकीच्या बहुतेकांना मात्र किनाऱ्यावरच पगार चुकता करून निरोप मिळाला होता.

त्याच १८७३ सालात आणखी दोन गोष्टी घडल्या. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांची शिष्टाई आणि इंग्रजी आरमाराचा धाक ह्यांमुळे ५ जून रोजी झांझिबारच्या सुलतानाने गुलामांची पेठ बंद करण्याच्या तहावर सही केली. आणि पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ती अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावे अशी आशा व्यक्त केली. पुण्याला मिसिसिपी दिसत होती; हाकेच्या अंतरावर नाशिकला मुक्त गुलामांची वस्ती नांदत होती!

फुल्यांनी ज्या अमेरिकेचा गौरव केला तेथे त्या वेळी काय चालले होते? १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मन ह्यांनी दक्षिणेच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत द्यावी असा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत देवविली. डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. पण त्याच्या आधीच मिसिसिपीने कायदा केला होता की काळ्या माणसाजवळ दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा असावा, नाही तर तो भटक्या ठरून दंडास पात्र होईल. मुक्त झालेली माणसे विकल्या गेलेल्या नातलगांच्या शोधात पायी हिंडत होती, आणि वर्षानुवर्षे एकत्र राहिलेली जोडपी आपले लग्न सरकारी नोंदवहीत नोंदवून घेत होती. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते : जमीन, मजुरी, मूल आणि नाव.

शरणपूरच्या मुलांच्या वाट्यालाही हेच प्रश्न आले. १८७४ साली प्राइस मोंबासास गेले आणि किनाऱ्यालगत फ्रियरटाउन ही मुक्तांची वसाहत उभी राहिली. सुमारे दीडशे ‘बॉम्बे आफ्रिकन’ मंडळी तेथे नेण्यात आली; शरणपूरचा आश्रम ओस पडला. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तर त्याआधी दहा वर्षे जवळच्या रबाईला जाऊन राहिले होते. ही सुतार, लोहार, शिक्षक मंडळी वसाहतीचा कणा होती; तरी गोऱ्या मिशनऱ्यांच्या खालची पायरीच त्यांना मिळे, आणि त्याची चीड ती बोलून दाखवीत.

रबाईला जोन्सच्या आश्रयास आसपासचे पळालेले गुलाम येऊ लागले. मालक खवळले. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी ह्यांनी मालकांना पैसे दिले, आणि १ जानेवारी १८८९ रोजी १,४२१ जणांना मुक्तीचे कागद मिळाले. पुन्हा भरपाई मालकालाच! ज्याचे श्रम लुटले गेले त्याचे देणे कोणाच्याच वहीत लिहिले गेले नाही. तरीही मला ह्या प्रसंगाचे मोल मोठे वाटते. कारण ह्या वेळी दार उघडून उभा राहिलेला माणूस एके काळी स्वतःच गलबतातून सोडविलेले मूल होता. ज्याला आश्रय मिळाला त्यानेच आश्रय दिला.

आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर गुलामगिरी कायद्याने संपावयास १९०७ साल उजाडले. जेकब १८९२ साली वारला. वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात जगला. तो हयात असतानाच, १९३० च्या मार्चात, आमच्या नाशिकात काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. तेथे कोणाच्याही पायात लोखंडाची बेडी नव्हती. १८४३ च्या कायद्याला उलटून सत्त्याऐंशी वर्षे झाली होती. आणि दार बंदच होते.

मोंबासातील त्या वसाहतीची घंटा अद्याप उभी आहे; तिच्यावरून त्या भागाला ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेची जागा, म्हणतात. आमच्याकडे एका रस्त्याचे नाव उरले. शरण येणाऱ्यास जागा देणे हे पुण्यकर्म खरेच; पण त्याला पुढे कोणाला शरण जावे लागू नये, एवढी जमीन त्याच्या पायाखाली द्यावी लागते. ते काम गलबत पकडण्याइतके एका दिवसात होत नाही, आणि त्याचा तहही कोणी करून ठेवलेला नाही.