क्लबच्या कागदांवरची भाषा : बार्सेलोनाकडून घेण्याजोगे

संस्थेची खरी भाषा तिच्या कागदांत सापडते. वार्षिक अहवाल, सभासदांना धाडलेली पत्रे, सूचनाफलक आणि स्मरणिका यांतून ती कोणाची आहे ते कळते. आम्हां सीमावासीयांना हे अनुभवाने ठाऊक आहे. म्हणूनच स्पेनमधील बार्सेलोना फुटबॉल क्लबच्या प्रकाशनांचा इतिहास आम्हांला परका वाटत नाही.

या क्लबचा पहिला छापील शब्द कातालान भाषेतील नव्हता. 22 ऑक्टोबर 1899 रोजी हान्स गाम्पेर या स्विस तरुणाने 'लोस देपोर्तेस' या क्रीडापत्रात खेळाडू हवे असल्याची जाहिरात दिली, ती स्पॅनिशमध्ये. क्लबच्या नावातील 'फुटबॉल क्लब' हे शब्दही इंग्रजी वळणाचे. परंतु गाम्पेर त्या भूमीत रुजला, स्वतःचे नाव त्याने 'जोआन' असे कातालान केले, आणि पुढील दोन दशकांत क्लबच्या कारभारात कातालान भाषेने आपले स्थान मिळवले. भाषा स्वीकारणारा मनुष्य जन्माने तिचा असावाच लागतो असे नाही, याचा हा ठळक दाखला होय.

आघात लवकरच झाला. जून 1925 मध्ये, प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीत, प्रेक्षकांनी स्पेनच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली. मैदान बंद करण्यात आले आणि गाम्पेरला अध्यक्षपद व देश दोन्ही सोडावे लागले. यादवी युद्धानंतरचा घाव याहून खोल होता. 1938 च्या फ्रँकोप्रणीत वृत्तपत्र कायद्याने छापण्यापूर्वीची तपासणी अनिवार्य केली होती. कातालान भाषा सार्वजनिक व्यवहारातून हद्दपार झाली. 1941 मध्ये परकी शब्द नकोत म्हणून क्लबचे नावच 'क्लुब दे फुतबोल बार्सेलोना' असे स्पॅनिश वळणाचे करण्यात आले. बोधचिन्हातील कातालान ध्वजाच्या चार पट्ट्यांच्या दोन झाल्या. त्या 1949 मध्ये, सुवर्णमहोत्सवी वर्षात, परत आल्या.

या काळात क्लबचे कामकाज आणि अधिकृत लेखन स्पॅनिशमध्ये चाले. प्रेक्षक मात्र आपसांत कातालानच बोलत. घरात एक भाषा, कागदावर दुसरी: ही स्थिती आम्हांला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. तिचा परिणाम हळूहळू होतो. ज्या भाषेत छापले जात नाही, त्या भाषेत लिहिणारे घडत नाहीत. आणि लिहिणारे नसले की पुढे बंदी उठूनही पान कोरेच राहते.

बार्सेलोनाचे पान कोरे राहिले नाही. 1957 मध्ये कॅम्प नोऊ मैदानाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यासाठी रचलेले गीत कातालानमध्ये होते. 1966 च्या कायद्याने पूर्वतपासणी सैल झाली. आगुस्ती मोंताल अध्यक्ष असताना, 1970 च्या दशकाच्या आरंभी, मैदानावरील घोषणा पुन्हा कातालानमध्ये ऐकू येऊ लागल्या. 1973-74 च्या सुमारास मूळ नावही परतले. 1974 च्या अमृतमहोत्सवात क्लबने आपल्या भाषेतील नामवंतांना साद घातली. जोझेप मारिया एस्पिनास आणि जाउमे पिकास या लेखकांनी क्लबगीत लिहिले, मानुएल वाल्स यांनी ते स्वरबद्ध केले, आणि चित्रकार जोआन मिरो यांनी भित्तिपत्रक रेखाटले. फ्रँको तेव्हा जिवंत होता. त्याचा मृत्यू नोव्हेंबर 1975 मधला. अनुकूल दिवस येईपर्यंत ही मंडळी हात बांधून बसली नाहीत.

तरीही विजयकथा येथे संपत नाही. 1999 मध्ये क्लबने स्वतःची दूरचित्रवाहिनी काढली आणि कातालान भाषेत काम करणाऱ्या पत्रकारांना तेथे हक्काचे स्थान मिळाले. जून 2023 मध्ये ती वाहिनी बंद झाली. या वेळी हुकूमशहा नव्हता, क्लबची आर्थिक ओढाताण होती. भाषेच्या जागा फर्मानाने जातात, तशाच ताळेबंदानेही जातात.

यातून आम्ही काय घ्यावे? 1 नोव्हेंबर 1956 पासून बेळगावचा मराठी माणूस सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून झगडत आहे. ती लढाई न्यायाची आहे आणि ती चालूच राहील. परंतु आमची वाचनालये, तालमी, क्रीडामंडळे, गणेशोत्सव मंडळे आणि पतसंस्था यांचे अहवाल, निमंत्रणे आणि स्मरणिका मुख्यतः आमच्याच हाती आहेत. त्या शुद्ध मराठीत निघतात काय? त्यांत विशीतल्या मुलामुलींचे लेख असतात काय? की तीच चार नावे आणि तेच जुने संदेश दरवर्षी छापले जातात?

शेजारच्या भाषेचा द्वेष न करता हे साधता येते. बार्सेलोना आज आपला मजकूर कातालानबरोबर स्पॅनिश, इंग्रजी आणि इतर भाषांतही देते. पाहुण्यांसाठी दारे उघडी ठेवावीत, परंतु घराची पाटी आपल्या लिपीत असावी. येत्या वर्षी प्रत्येक मंडळाने आपल्या स्मरणिकेत किमान एका नव्या लेखणीला जागा द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.