मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील नोकऱ्या आणि विशेषज्ञ भरती संस्था

छत्तीसगडमधील भिलाई-३ ही वस्ती मुंबई-हावडा लोहमार्गावर, दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान आहे. शेजारच्या चरोदा येथे रेल्वेचे मोठे मालवाहतूक यार्ड, तर पश्चिमेस भिलाई पोलाद कारखाना आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार हा कारखाना उभारण्यात आला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या भागाचा कारभार नागपूरहून चालत असे. मराठी कुटुंबांचा येथील वावर तेव्हापासूनचा आहे. अशा घरांमध्ये नोकरी म्हणजे कारखाना किंवा रेल्वे, राहावयास क्वार्टर, उपचारांसाठी सेक्टर ९ चे रुग्णालय आणि निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधी, असे समीकरण दीर्घकाळ होते. स्वेच्छानिवृत्ती योजनांनंतर कारखान्याची कायम भरती आटली. दुसरीकडे परिसरात अभियांत्रिकी शिक्षण वाढले: दुर्गचे भिलाई तंत्रज्ञान संस्थान १९८६ पासून, स्वामी विवेकानंद तंत्रशास्त्र विद्यापीठ २००५ पासून आणि आयआयटी भिलाई २०१६ पासून कार्यरत आहे. या पदवीधरांना घरापासून दूर न जाताही जे काम मिळू शकते, त्यात मुक्तस्रोत अर्थात ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा समावेश होतो.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता आणि वाटता येते, ते मुक्तस्रोत. लिनक्स ही १९९१ मध्ये सुरू झालेली प्रणाली त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी पगार कोण देणार, ही पालकांची शंका स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ग्राहक संहितेसाठी नव्हे, तर देखभाल, सुरक्षा दुरुस्त्या, प्रशिक्षण आणि सर्व्हर चालविण्याच्या सेवेसाठी पैसे मोजतात. या मार्गाने रेड हॅट कंपनीने २०१२ च्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलरचा महसूल ओलांडला. २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. लिनक्सच्या गाभ्यावरील ८० टक्क्यांहून अधिक काम पगारी अभियंते करतात, असे लिनक्स फाउंडेशनने २०१५ च्या अहवालात नमूद केले होते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब व व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअरही मुक्तस्रोतच आहे.

या क्षेत्रातील पदे भरण्यासाठी काही भरती संस्था केवळ याच विषयावर काम करतात. सर्वसाधारण संस्था अर्जातील शब्द जाहिरातीशी जुळवून पाहते, आणि तेथेच गफलत होते. कुबरनेटिस हे सॉफ्टवेअर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, तरी २०२० मधील एका जाहिरातीत त्याचा बारा वर्षांचा अनुभव मागण्यात आला होता. विशेषज्ञ सल्लागाराकडून निराळी अपेक्षा असते. उमेदवाराने कोणत्या प्रकल्पात कोणती दुरुस्ती सादर केली, ती स्वीकारली गेली की परत आली, परत आल्यावर त्याने टीकेला कसे उत्तर दिले, हे सारे सार्वजनिक नोंदीत असते आणि तो ते वाचतो. भिलाई-३ च्या उमेदवाराच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. महाविद्यालयाच्या नावावर होणारी चाळणी येथे सैल पडते; बंगळुरूत बसलेल्या सल्लागारास चरोद्यात लिहिलेली संहिताही तितकीच स्पष्ट दिसते.

मात्र नवशिक्यांनी या संस्थांवर फार भिस्त ठेवू नये. त्यांचे शुल्क नियुक्ती करणारी कंपनी देते. ते बहुधा पहिल्या वर्षाच्या वेतनाच्या काही टक्के असते आणि उमेदवार रुजू झाल्यानंतरच मिळते. साहजिकच त्यांचे लक्ष अनुभवी अभियंत्यांकडे असते. उमेदवाराने प्रस्ताव लवकर स्वीकारावा, असा त्यांचा आग्रह का असतो, याचा उलगडाही या शुल्करचनेतूनच होतो.

अनुभवाची पहिली नोंद मिळविण्याचे मार्ग वेगळे आहेत. गुगलचा समर ऑफ कोड हा मानधनासहित उपक्रम २००५ मध्ये सुरू झाला. २०२२ पासून तो विद्यार्थ्यांखेरीज अन्य नवागतांसाठीही खुला करण्यात आला. आउटरीची हा घरबसल्या करावयाचा मानधनयुक्त उपक्रम २०१० मध्ये ग्नोम प्रकल्पाने महिलांसाठी सुरू केला आणि पुढे तो तंत्रक्षेत्रात अल्पसंख्य असलेल्या इतर गटांसाठीही खुला झाला. संहिता लिहिणे हेच एकमेव योगदान नव्हे. त्रुटी नीट कळविणे, माहितीपुस्तिका सुधारणे आणि भाषांतर करणे यांचीही नोंद होते. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित हे भारतीय भाषांचे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. मराठीचा संगणकावरील वापर वाढण्यामागे अशा कामाचा मोठा वाटा आहे. मराठी उत्तम जाणणाऱ्या अभियंत्यासाठी ही आजही मोकळी वाट आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

फसवणुकीचा धोका दोन प्रकारचा आहे. पहिला जुनाच: नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत या नावाने पैसे मागणे. खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात मांडले आहे. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटांना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणी बंधनकारक केली. दुसरा प्रकार नवा आणि अधिक कावेबाज आहे. भरती सल्लागार असल्याचे भासवून मुलाखतीची चाचणी म्हणून एखादा प्रकल्प उतरवून चालविण्यास सांगितले जाते आणि त्यात दडविलेला घातक भाग संगणकातील पासवर्ड व आभासी चलन पळवितो. सुरक्षा तज्ज्ञांनी २०२३ मध्ये अशी एक मोहीम उघडकीस आणून तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता. अनोळखी संहिता स्वतःच्या नेहमीच्या संगणकावर न चालविता वेगळ्या, रिकाम्या यंत्रणेत चालविणे हा त्यावरील साधा उपाय होय.

संस्था खरी असली तरी कराराचे स्वरूप तपासावे लागते. परदेशी कंपनीसाठी घरून केले जाणारे काम पुष्कळदा नोकरी नसून व्यावसायिक करार असतो. त्यात भविष्य निर्वाह निधी, उपदान किंवा भरपगारी रजा बहुधा नसते. कर आणि आरोग्यविम्याची व्यवस्था स्वतः करावी लागते. वेतनाचा आकडा मोठा दिसला, तरी तुलना करताना ही रक्कम वजा धरणे आवश्यक ठरते. फावल्या वेळात लिहिलेल्या संहितेवर मालकी कोणाची, हे कलमही स्वाक्षरीपूर्वी वाचावे. अनेक करारांत ती सरसकट कंपनीकडे जाते, आणि मग मुक्तस्रोत प्रकल्पातील योगदानासाठी लेखी परवानगी घ्यावी लागते.

एकाच पदासाठी दोन संस्थांनी तोच अर्ज पाठविल्यास शुल्काच्या वादामुळे कंपन्या कधी कधी तो अर्ज बाजूला ठेवतात. त्यामुळे आपली माहिती कोणत्या कंपनीकडे पाठविली जाणार आहे, हे प्रत्येक वेळी ईमेलवर लेखी विचारून घ्यावे व त्याची नोंद ठेवावी.