आंगऱ्यांचीं गलबतें

इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर भामरागड वसलेलें आहे. येथून समुद्र शेंकडों मैल दूर. तरीहि एका खोडाचा कोरलेला डोंगा वाहत्या पाण्यांतून तिरपा काढणारा नावाडी पाहिला, म्हणजे आम्हांस कोंकणच्या आरमाराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. जें पाणी जड वाहनास अडवितें, तेंच हलक्या वाहनाची वाट होतें. आणि आंगऱ्यांच्या आरमाराचें सारें मर्म एवढ्यांत आहे.

हल्लीं गलबत म्हटलें कीं कौलें किंवा मीठ वाहणारें शिडाचें तारूं वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. सतराव्या-अठराव्या शतकांत मात्र तें लढाऊ वाहनाचें नांव होतें. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें त्याचें बारकाईनें वर्णन केलें आहे. मोठ्यांत मोठें गलबत क्वचितच सत्तर टनांवर जाई. डोलकाठ्या दोन, पैकीं मागची नाजूक, आणि पुढचीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड. वजन वाढूं नये म्हणून वरचा तक्ता बहुधा चिरलेल्या बांबूंचा असे, आणि कडेला फिरत्या खुंट्यांवर लहान तोफा बसवीत. मोठ्या गलबतांस मात्र पक्का तक्ता व त्यावर दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा असत. चाळीस-पन्नास वल्हीं लागलीं म्हणजे वारा पडला असतांहि तें ताशीं चार मैल चाले. चार मैल ऐकून वाचक हंसतील. पण ज्या समुद्रांत शत्रूचें जहाज शीड लोंबवून जागच्या जागीं उभें आहे, तेथें हे चार मैल म्हणजे साराच फरक होय.

गलबताचा वडील भाऊ गुराब. ती रुंद, उथळ, दीडशें ते तीनशें टनांची. नाळेवरून पुढें रोखलेल्या तिच्या दोन तोफा नऊ ते बारा पौंडी. वारा नसला तर गलबतें वल्हवून गुराबांना ओढीत नेत. सावज गांठलें कीं सारीं त्याच्या पिछाडीस जमत, कारण व्यापारी जहाजाच्या तोफा बहुतेक बाजूंस असत. गुराबा प्रथम दुरून डोलकाठ्यांवर मारा करीत. जहाज पंगु झालें आणि तरीहि नमलें नाहीं, तर माणसांनीं भरलेलीं गलबतें चहूंकडून एकदम भिडत व लोक तरवारी उपसून वर चढत.

आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं हीच जोडी धरून पांच गुराबा व पंधरा गलबतें असा एक सुभा बांधण्यास सांगितलें आहे. त्याच प्रकरणांतील लांकडाविषयींचा उपदेश जंगलांत राहणाऱ्या आम्हांस विशेष जवळचा वाटतो. साग राज्यांतील रानांतून परवानगीनें तोडावा. आंबा-फणसास मात्र हात लावूं नये, कारण रयतेनें तीं झाडें लेंकरासारखीं वाढविलेलीं असतात. झाड जीर्णच असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें. तोफांचा विचार करणारा मुत्सद्दी फणसाच्या झाडापाशीं असा थांबतो, हें आम्हांस त्याच्या नौकाशास्त्राहून थोर वाटतें.

या आरमाराचा प्रारंभ १६५७ ते १६५९ च्या दरम्यान कल्याण-भिवंडीकडे झाला. १६७९ सालीं खांदेरीच्या वेढ्यांत इंग्रजांस त्याची चुणूक मिळाली. मराठ्यांचीं लहान वाहनें रात्रीं उथळ पाण्यांतून बेटावर सामान पोंचवीत व मोठ्या जहाजांस हात चोळीत बसावें लागे; १८ ऑक्टोबरच्या लढाईंत तर ‘डव्ह’ नांवाची इंग्रजी नौका मराठ्यांच्या हातीं लागली. पुढें कान्होजी आंगऱ्यांनीं याच गलबतांच्या बळावर किनाऱ्यावर दस्तकांची पद्धत बसविली. दस्तक घ्या, नाहीं तर जहाज अडवूं. इंग्रजांनीं त्यांस चांचा ठरविलें. पोर्तुगीज दोनशें वर्षें हेंच करीत होते; त्यांच्या परवान्याला मात्र कायदा म्हणत! १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परतले.

पण गलबताची मर्यादाहि सांगितली पाहिजे. तें किल्ल्याच्या छायेंतील वाहन. खुल्या समुद्रांत साठ-सत्तर तोफांच्या जहाजाशीं समोरासमोर उभें राहणें त्याचें काम नव्हे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं कराचीवर गेलेल्या आपल्या क्षेपणास्त्र-नौकांचीहि जात हीच: लहान, वेगवान, आणि दूरच्या पल्ल्यासाठीं सोबतीला मोठ्या नौकांची गरज असलेल्या.

१७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथानें कान्होजींस शाहूच्या पक्षास आणलें व सरखेली कायम करविली. त्याच्याच नातवानें, नानासाहेब पेशव्यानें, १७५५ सालीं इंग्रजांशीं करार करून कान्होजींचा पुत्र तुळाजी याजवर मोहीम काढली. तुळाजी उद्धट होता, पेशव्यांस जुमानीत नव्हता, हें खरें. त्याच्या पुंडाव्यास आम्ही पांघरूण घालीत नाहीं. परंतु घरच्या भांडणांत परक्याचे गोळे मागविण्याची ही किंमत पुण्यास त्या वेळीं दिसली नाहीं, असेंच म्हणावें लागतें. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं ॲडमिरल वॉटसननें विजयदुर्गावर मारा सुरू केला. पावसाळ्याची छावणी दरवर्षीं एकाच बंदरीं करूं नये, असें अमात्य सांगून गेले होते. इकडे तुळाजीचें आरमार एका खाडीत, किल्ल्याखालीं, एकमेकांस खेटून उभें होतें. एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. हें जहाज आंगऱ्यांनींच पूर्वीं इंग्रजांपासून पकडलेलें. त्यावरून आग गुराबांवर गेली. वाऱ्याबरोबर धांवणारीं वाहनें जागच्या जागीं जळालीं. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला.

विजयदुर्ग पुढें पेशव्यांकडे आला आणि तेथें धुळपांच्या हाताखालीं नवें आरमार बांधलें गेलें. एप्रिल १७८३ मध्यें आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज विजयदुर्गाजवळ घेरून, कांहीं तास झुंजून, पाडाव केलें. त्यांच्या ताफ्यांत दोन मोठीं जहाजें होतीं; आणि त्यांच्या जोडीला, पूर्वींसारखींच, गलबतें होतीं.