लक्ष्मीबाईंचं सोवळं आणि आमच्या घरची कपबशी

गेल्या आठवड्यात माळ्यावरची पुस्तकं उन्हं दाखवायला काढली, त्यात 'स्मृतिचित्रे' सापडलं. शाळेत त्यातले उतारे मी कितीदा शिकवले! मुलं पोट धरून हसायची, मीही हसायचे. आता सत्तरी ओलांडल्यावर वाचताना मात्र भलत्याच ठिकाणी थबकले.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, पदरी लहानगा दत्तू. माहेर जलालपूरचे गोखले, वडिलांच्या सोवळ्याचा घरात कहर. बाई नवऱ्यामागे गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्यावरही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. (एरवी भारी तापट माणूस, म्हणून तर याचं विशेष!)

पण बाईंचा विचार चालूच होता. जात देवाने केली की माणसाने? हे माणसाचंच काम, असं एकदा मनाने घेतलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. आधी बाई बदलल्या, मग धर्म. आपण देवापाशी बसतो ते गुडघे दुखू नयेत म्हणून, नातवाला नोकरी लागावी म्हणून. आपणच बदलावं असं कोण मागतं?

टिळक तरी कुठे थांबले? त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गातात. पण १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं ते शाळेचं तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी.

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगत होते, आणि त्याच वर्षांत आमच्या घरी कामवाल्या बाईंची कपबशी वेगळी होती. मोरीवरच्या कोनाड्यात पालथी, कान तुटलेली. ठेवली सासूबाईंनी. पण त्या गेल्यावरही अकरा वर्षं ती तिथेच होती, त्याला काय म्हणायचं? फळ्यावर सुविचार मीच लिहायचे.

ती तिथून हलवली सुनेने, लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. एक शब्द न बोलता तुटका कप टाकून दिला आणि बाईंना आमच्यातल्याच कपात चहा दिला. मीही काही बोलले नाही. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडल्यावर काय म्हणावं ते सुचेना.