न मोजलेलं कसं कळतं? वेगवान एमआरआयची गोष्ट

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा एमआरआय करायला सांगितला. त्या नळकांड्यात पडल्यावर सारखी सूचना यायची, 'श्वास घ्या, सोडा, आता धरा.' जन्मभर वर्गात बोलत आलेल्या माणसाला पंधरा सेकंद गप्प राहून श्वास धरणं म्हणजे शिक्षाच. (हशा) पण पडल्या पडल्या विचार आला, यंत्राला एवढा वेळ लागतो तरी का? आणि तो कमी करण्यासाठी लोकांनी काय केलं? आज तो इतिहास सांगतो, कारण मला त्यात आमच्या विषयातला एक जुना प्रश्न दिसतो. जे मोजलंच नाही, ते आहे असं आपण कशाच्या बळावर म्हणतो?

एमआरआय कॅमेऱ्यासारखा एकेक ठिपका टिपत नाही. चित्रात कोणत्या जाडीच्या, कोणत्या दिशेच्या लाटा किती प्रमाणात मिसळल्या आहेत, ते तो मोजतो आणि मग फूरियेच्या गणिताने त्या लाटांचं चित्र होतं. मोजमापं ओळीओळीने येतात. एका चित्राला शंभर-दोनशे ओळी. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये अशा चित्रणाचा मार्ग दाखवला, पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये सगळ्या ओळी एका दमात घेण्याची कल्पना मांडली. दोघांना २००३ चं नोबेल मिळालं. पण हृदय काही आपल्यासाठी थांबत नाही. सेकंदाच्या आत त्याचा एक ठोका पुरा होतो.

म्हणून एक तडजोड रूढ झाली. ईसीजीच्या तालावर या ठोक्यात थोड्या ओळी घ्यायच्या, पुढच्या ठोक्यात आणखी थोड्या, आणि सगळ्या जोडून एका ठोक्याची फिल्म बनवायची. म्हणजे बघा, पडद्यावर डॉक्टरांना जो ठोका दिसतो, तो तसाच्या तसा कधी पडलेलाच नसतो! सगळे ठोके सारखे, हे तिथलं गृहीत. ज्याची लय बिघडलेली, त्याचं चित्र धूसर येतं. तपासणीची गरज त्यालाच जास्त असायची आणि नेमका तोच त्या गृहीतात बसायचा नाही.

दुसरा मार्ग ओळी गाळण्याचा. एकाआड एक ओळ गाळली, तर वेळ निम्मा लागतो, पण चित्र घडी घातल्यासारखं स्वतःवरच येऊन पडतं. १९९९ मध्ये झुरिकच्या प्रुएसमन आणि सहकाऱ्यांनी ही घडी उलगडली. छातीभोवती अनेक कॉइल असतात; प्रत्येकीला जवळचा भाग मोठ्याने 'ऐकू' येतो. त्या फरकावरून कोणता ठिपका कुठला, हे ठरवता येतं. त्याच वर्षी मादोर, ग्लोव्हर आणि पेल्क यांनी वेळेचाच उपयोग केला. दर चित्रात गाळायच्या ओळी बदलल्या की खोटी प्रतिमा लुकलुकायला लागते, खरी लुकलुकत नाही. मग गाळणीने वेगळी करा. मला ही युक्ती फार आवडते.

मग २००६ साल. कांदेस, रोमबर्ग आणि ताओ यांच्या निबंधात डोक्याच्या एका कृत्रिम चित्राचा प्रयोग आहे. केंद्रातून जाणाऱ्या फक्त २२ रेषांवरची मोजमापं घेतली. त्यांच्याशी जुळणारी असंख्य चित्रं असू शकतात. त्यांतलं सर्वांत कमी चढउतारांचं निवडलं, आणि मूळ चित्र तंतोतंत परत आलं. पुढच्याच वर्षी लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी हे एमआरआयसाठी नीट मांडलं. ओळी यदृच्छेने गाळा, म्हणजे दोष घडीसारखा न पडता धुळीसारखा पसरतो, आणि धूळ झटकता येते.

इथे मला मीमांसकांचा देवदत्त आठवतो. देवदत्त लठ्ठ आहे, दिवसा जेवत नाही, तर रात्री जेवत असला पाहिजे. ही अर्थापत्ती. रात्री कोणी पाहिलेलं नाही, तरी निष्कर्ष पक्का. पण देवदत्त लठ्ठ नसून सुजलेला असेल तर? (हशा) त्या कृत्रिम डोक्यात सगळे सपाट लंबगोल होते. 'चित्र साधं आहे' हे गृहीत तिथे अक्षरशः खरं होतं. माणसाची छाती तितकी सरळ नाही. बारीक, फिकट गोष्ट असेल, तर गणित तिलाही धूळ समजून झटकू शकतं. म्हणून कोणतं गृहीत धरलं, हे चित्राइतकंच महत्त्वाचं.

हलत्या चित्रात मात्र गृहीताला चांगला आधार असतो. छातीची भिंत जवळपास स्थिर, हलतं ते थोडंच. २०१५ मध्ये ओताझो, कांदेस आणि सोडिक्सन यांनी चित्रमालिकेची फोडच तशी केली: एक संथ पार्श्वभूमी, एक विरळ बदल. (न्यूरल नेटवर्कचं काय, असं कोणीतरी विचारणार. त्याला स्वतंत्र व्याख्यान लागेल.)

शेवटी त्या लय बिघडलेल्या रुग्णाकडे येतो. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णाला श्वास धरायला न सांगता सलग मोजमापं घेतली. श्वासाची अवस्था हे त्यांनी चित्राचं आणखी एक परिमाण मानलं आणि हृदयासाठी ठोक्यांचीही लांबीप्रमाणे वर्गवारी केली. प्रत्येक गटाच्या वाट्याला फारच थोड्या ओळी आल्या; उरलेलं आपण आता पाहिलेल्या गणिताने भरलं. तोवर जो वेगळा ठोका चित्र बिघडवतो म्हणून टाकून द्यायचा, त्याला स्वतःची जागा मिळाली, आणि तो कसा पडतो हे डॉक्टरांना पाहता आलं.